बाळकृष्ण, बेडूक आणि टेकडीवरचा डबा

मंडळी, आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न विचारतो. देवळात बसलाय, तेव्हा खरं उत्तर द्या.

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे राहिली, तर ती परत कधी करायची?

लगेच? कोण म्हणालं लगेच? सगळेच म्हणालात की! दत्तूअण्णा, पेटी जरा थांबवा, हा आवाज मला कानात साठवू द्या. पेटीवाले स्वतःसुद्धा 'लगेच' म्हणाले, मी ऐकलं बरं का. आणि तबल्यावर बसलेत ते रंगनाथ, अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ, तेही म्हणाले. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण उत्तर एका सुरात आलं! ठीक आहे. हे 'लगेच' मी लक्षात ठेवतो.

आता दुसरा प्रश्न. परत करायची ती कशी? कुणाच्या हाती पाठवून? दारात ठेवून पळून? की आपल्या हातानं, त्याच्या हातात?

हं. इथं आवाज बसला. बसणारच! म्हणून तर आख्यान लावलंय.

तर ऐका. इथून फार लांब नाही, एक गाव आहे. गाव कसलं, आता शहरच झालंय. त्या शहराला एक टेकडी — म्हसोबाची टेकडी. पूर्वी तिथं नुसता कातळ आणि निवडुंग. मग वनखात्यानं झाडं लावली, करंज लावले, बहावा लावला, कुंपण घातलं, दारावर पाटी लावली 'वनउद्यान', आणि पाटीखाली दहा गोष्टी करायच्या नाहीत म्हणून लिहिलं. त्या दहाही गोष्टी लोक तिथं करतात, तो भाग वेगळा. टेकडीवर जायला एकच वाट, सगळी खडकातली. काही ठिकाणी तर पायाबरोबर हातही टेकावा लागतो. तेवढ्यापुरता माणूस देवासमोर आल्यासारखा वाकतो, एरवी कुठला वाकायला!

या गावात राहतात अरविंदराव खांबेटे. मोजणी खात्यातून निवृत्त. जन्म गेला लोकांच्या जमिनी मोजण्यात. दोन भाऊ बांधावरून भांडतायत, खांबेट्यांना बोलवा. साखळी टाकायची, खुणा रोवायच्या, 'हे तुझं, हे त्याचं', की मिटलं! असे किती तंटे मिटवले म्हणता! आणि स्वतःच्या घरात? स्वतःच्या घरात बांध घातला, आणि एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला एकुलती एक लेक.

लेकीचं नाव शर्वरी. गुणी पोर. बँकेत नोकरी, खुर्ची, पंखा, सगळं झकास. पण तिला लागलं डोंगराचं वेड. नोकरी सोडली आणि डोंगर चढायला शिकवणाऱ्या एका मुलाशी लग्न ठरवलं. खांबेटे म्हणाले, "पोट कशावर भरणार? कातळावर?" शब्दाला शब्द वाढला. तिनं रजिस्टर लग्न केलं. हे गेले नाहीत. जाताना तिनं घराची किल्ली टेबलावर ठेवली, वाट बघितली, की बाबा आता म्हणतील, राहू दे तुझ्याकडे. बाबा काय म्हणाले? "न विचारता केलंस, आता न विचारता राहा." बास! दोन वर्षं झाली. एकाच गावात बाप नदीच्या अलीकडे, लेक पलीकडे. पूल आहे हो मध्ये, चांगला सिमेंटचा पूल आहे! पण वापरणार कोण?

आता आई असती तर हे असं झालं नसतं. आई म्हणजे विमलताई. त्या लेकीचं लग्न बघायच्या आधीच गेल्या. पण जाण्याआधी देवघरातला बाळकृष्ण नवऱ्याला दाखवून म्हणाल्या, "हा शर्वरीचा. लग्नात तिला द्यायचा. माझ्या आईनं मला दिला, मी तिला देते." बायकांना सांगायला नको, आपल्याकडे लेकीच्या पाठवणीत अन्नपूर्णा देतात, बाळकृष्ण देतात. रांगता, पितळेचा, हातात लोण्याचा गोळा. या बाळकृष्णाचा गोळा चेपलेला होता, कारण शर्वरीनं लहानपणी त्याला जेवायला बसवताना ओट्यावरून खाली पाडला होता. लाखात ओळखू येईल असा बाळकृष्ण!

तर तो राहिला कुणाकडे? खांबेट्यांकडे. कुणाचा? लेकीचा. दोन वर्षं हे गृहस्थ रोज त्याला न्हाऊ घालतायत, गंध लावतायत, आणि देव रोज त्यांच्याकडे बघतोय. काय म्हणत असेल देव? "अरे, मला माझ्या घरी पोचव की!" पण हे पोचवणार कसे? घेऊन जावं तर मान खाली जाते. न न्यावं तर विमलताईंचा शब्द जातो. माणूस सुकत चालला हो. दोन घास कमी झाले. पण ताठा? तो गुबगुबीत!

अशात त्यांची बहीण आली. आत्याबाई. आत्याबाईंचं सगळीकडे जाणं-येणं. म्हणाल्या, "दादा, तुझी लेक टेकडीवर डबे लपवते."

"काय करते?"

"डबे लपवते. आणि लोक ते शोधतात."

खांबेट्यांना वाटलं, पोरगी हातची गेली.

मंडळी, हसू नका. हा एक खेळ आहे. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. जगभर खेळतात. एकानं रानात डबा लपवायचा आणि जागेचे आकडे, ते अक्षांश-रेखांश, मोबाइलवर सगळ्यांना सांगायचे. दुसऱ्यानं ते आकडे बघत जायचं, डबा हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तसा परत लपवून ठेवायचा. संपला खेळ. तुम्ही म्हणाल, बुवा, यात मिळतं काय? अहो, लहानपणी लपाछपीत काय मिळत होतं? आणि देव तरी दुसरं काय करतो? कुठं सापडेन ते सगळ्यांना सांगून ठेवलंय, आणि स्वतः बसलाय लपून. शोधणारे आपण, हातात मोबाइल घेऊन भलतीकडेच!

या खेळाचे दोन नियम. नीट ऐका, पुढं लागणार आहेत. एक — आपण काय शोधतोय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला कळू द्यायचं नाही. दुसरा — डब्यात काही छोट्या वस्तू असतात. त्यातली एखादी घ्यायला परवानगी आहे, पण घेतली तर तिच्या बरोबरीचं काहीतरी ठेवायचं.

खांबेट्यांनी रात्री मोबाइल उघडला. आकडे बघितल्यावर मोजणी खात्याचं रक्त ते, उसळलं! टेकडीचा नकाशा, नकाशावर ठिपका, ठिपक्यावर टिचकी मारली तर डब्याचं नाव. डब्यांना नावं देतात म्हणे. या डब्याचं नाव काय होतं?

'विमल'.

लेकीनं आईच्या नावानं डबा ठेवला होता. दर रविवारी ती येऊन त्याची देखभाल करते, असंही खाली लिहिलेलं. आणि मग या माणसाच्या डोक्यात अशी काही युक्ती आली की विचारू नका. बाळकृष्ण न्यायचा आणि शनिवारी गुपचूप त्या डब्यात ठेवायचा. रविवारी लेकीला सापडेल. म्हणजे शब्दही पाळला, आणि आपण दिलाही नाही! कुणी विचारलं तर, मी कुठं दिला? तिला सापडला!

ताठा किती हुशार असतो बघा. पाया पडायचं, पण वाकायचं नाही.

शनिवारी सकाळी निघाले. खिशात बाळकृष्ण, धुतलेल्या रुमालात गुंडाळलेला. हातात मोबाइल. खडकातली वाट, हे चढतायत, गुडघे बोलतायत. मोबाइल म्हणाला, आलात! इथंच आहे. इथंच म्हणजे कुठं? डावीकडं कातळ, उजवीकडं करवंदीची जाळी. खांबेटे ओणवे झाले. कपारीत हात घातला, विंचू नाही ना बघितलं, दगड उचलला, ठेवला, दुसरा उचलला. शेवटी चक्क रांगायला लागले. खिशातला रांगतोय आणि हेही रांगतायत!

तेवढ्यात रखवालदार आला. "काका, काय हरवलं?"

आता नियम काय? सांगायचं नाही. खांबेटे म्हणाले, "चष्मा."

अहो, चष्मा नाकावर! रखवालदार भला माणूस, तोही शोधायला लागला. त्याला बघून फिरायला आलेले दोघं थांबले, तेही शोधायला लागले. मागून हास्यक्लबच्या बायका आल्या, "काय हरवलं, काय हरवलं," त्याही वाकल्या. अख्खी वाट ओणवी! आणि आपल्या लोकांची चिकाटी बघा, त्यांनी चष्मा शोधून काढला! कुणाचा कोण जाणे, एका काडीचा, पण काढला. रखवालदारानं तो खांबेट्यांच्या हातात ठेवला. खांबेट्यांनी नाकावरचा काढून खिशात घातला, तो लावला, आणि "वा, वा, हाच" म्हणाले. सगळे टाळ्या वाजवून गेले. चष्म्यातून यांना दिसतंय काय? धुकं!

लोक पांगल्यावर स्वतःचा चष्मा लावला, वर बघितलं, तर कातळाच्या फटीत उंबराचं मूळ घुसलेलं, मुळामागं एक सपाट दगड, आणि दगडामागं डबा.

स्टीलचा गोल डबा. खाली काढून खांबेट्यांनी झाकण बाहीनं पुसलं, तर त्यावर नाव कोरलेलं — 'सौ. विमल खांबेटे'. आपल्याकडे भांडी घेतली की त्यावर नाव घालून घेतात ना, तसं. चिवड्याचा डबा होता तो घरातला. पोरीनं घर सोडताना किल्ली ठेवली, पण आईचा डबा नेला होता.

उघडला. आत छोटी वही, पेन्सिल, दोन गोट्या, एक परदेशी नाणं आणि एक हिरवा प्लॅस्टिकचा बेडूक. शिवाय एक कागद, 'हा खेळ आहे, कृपया डबा इथंच राहू द्या' असं सांगणारा. पण लिहिलेला कशात? इंग्रजीत! मराठी टेकडी, मराठी उंबर, आणि सूचना इंग्रजीत. ही चूक पुढं किती महागात पडली ते बघाच.

खांबेट्यांनी बाळकृष्ण ठेवला. वहीत सही केली नाही, ताठा! पण मोजणी खात्याचा माणूस, नियम मोडवेना. ठेवलं तर बरोबरीचं घ्यायला पाहिजे, असा त्यांनी नियम उलटा लावला, आणि उचलला काय? बेडूक! घरी आले. देवघरात बाळकृष्णाची जागा रिकामी, ती बघवेना. म्हणून तिथं बेडूक ठेवला. संध्याकाळी आत्याबाई आल्या, देवाला हात जोडायला गेल्या, आणि किंचाळून बाहेर. "दादा, देव्हाऱ्यात बेडूक आहे!" हे म्हणतात, "असू दे. बदली आहे."

इकडं टेकडीवर काय झालं? खांबेट्यांनी हळव्या मनानं डबा ठेवला, पण दगड नीट लावला नाही. डब्याची कड बाहेर, उन्हात चमकतेय. दुपारी त्या वाटेनं आल्या तारामावशी शेलार. टेकडीच्या पायथ्याला घर, गुडघ्यासाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, हास्यक्लबच्या अध्यक्ष, पण त्या सकाळी क्लबबरोबर आलेल्या नव्हत्या. हसणं बाजूला, बाई कडक! पायात काटा गेला म्हणून बसल्या आणि वर लक्ष गेलं. "अगबाई, कुणाचा डबा राहिला!"

आता मला सांगा, टेकडीवर डबा दिसल्यावर परदेशातल्या माणसाला काय वाटेल? खेळ. पोलिसाला काय वाटेल? बॉम्ब. आणि आपल्या बाईला? "कुणीतरी जेवून डबा विसरलं!" मावशींनी झाकण बघितलं, ठसठशीत कोरलेलं नाव वाचलं, 'सौ. विमल खांबेटे'. झालं, विसरलेलाच! उघडला, तर आत गोट्या, नाणं, इंग्रजी कागद — चष्मा घरी, आणि असता तरी काय — आणि त्या सगळ्या कचऱ्यात बाळकृष्ण. मावशींनी कपाळावर हात मारला. देव असा ठेवतात? गोट्यांबरोबर?

डबा पदराखाली घेऊन घरी आल्या. देवाला चिंचेनं लख्ख केला, देव्हाऱ्यात बसवला, दुधाचा नैवेद्य दाखवला. गोट्या नातवंडांकडं गेल्या, नाणं बंबाजवळच्या खिडकीत. डबा घासला, पुसला. आणि मग? मग काय, बायांनो? तुम्हीच सांगा. दुसऱ्याचा डबा परत द्यायचाय. रिकामा देणार?

कधीच नाही! जन्मात नाही! शेजारणीकडून वाटीभर कोशिंबीर आली तर वाटी परत जाताना निदान चार साखरेचे दाणे तरी आत हवेतच. मावशींनी बेसन भाजलं, तूप घातलं, वेलची कुटली, आणि डबा भरून लाडू केले. वही-पेन्सिल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तळाशी ठेवली. म्हणाल्या, "डबा विसरलेली बाई परत तिथंच शोधायला येणार. पण देव? देव मी फटीत ठेवणार नाही. तिला भेटून, विचारून, हातात देईन." रविवारी पहाटे डबा होता तिथं ठेवून आल्या.

बघा गंमत. खेळ ठाऊक नाही, नियम ठाऊक नाही, कागद वाचला नाही, तरी नियम पाळला की नाही? घेतलं, आणि ठेवलं!

रविवारी शर्वरी आली. डबा काढला, उघडला, आणि तुपाचा वास! आईच्या डब्यात बेसनाचे लाडू. ती तिथंच कातळावर बसली. एक खाल्ला, दुसरा खाल्ला, डोळे भरून आले, तिसरा खाल्ला. मग खेळाच्या पानावर, मोबाइलवर, तिनं लिहिलं, "डब्यात बेसनलाडू मिळाले. कुणी ठेवले माहीत नाही. सगळे संपवले. फार छान होते." आणि डब्यात लाडवांच्या बरोबरीचं म्हणून चॉकलेट ठेवून गेली.

नदीच्या अलीकडे खांबेटे सकाळपासून मोबाइल उघडून बसलेले. जेवले नाहीत. आता फोन येईल. आता म्हणेल, 'बाबा!' दुपार झाली, संध्याकाळ झाली. मग त्या पानावर ओळ उमटली. वाचली. पुन्हा वाचली.

लाडू? घराण्याचा देव ठेवला, दोन पिढ्यांचा देव, आणि ही पोरगी लिहिते लाडू छान होते? बाळकृष्णाचं नावसुद्धा नाही!

मंडळी, त्या रात्री तो माणूस रडला. चिडला म्हणाला, पण रडला. त्याला वाटलं, तिनं देव घेतला आणि बापाला टाकलं. संपलं. आता या लेकीचं तोंड बघायचं नाही, आणि विमलचा डबासुद्धा तिच्याकडे ठेवायचा नाही!

सोमवारी सकाळी देव्हाऱ्यातला बेडूक खिशात कोंबला आणि तरातरा टेकडी चढले. गुडघे गप्प! राग चढला की गुडघे बोलत नाहीत. कातळापाशी पोचले, मुळामागं हात घातला, डबा धरला, आणि पलीकडून दुसऱ्या कुणीतरी धरला. तारामावशी! डबा विसरलेल्या बाईनं तो नेला की नाही ते बघायला आलेल्या.

"सोडा," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही सोडा. डबा माझा आहे."

"डब्यावर बाईचं नाव आहे. तुम्ही विमल का?"

"ती माझी बायको."

"मग तिला पाठवा."

खांबेट्यांचा हात सुटला. खाली बसले. म्हणाले, "ती नाही आता."

मावशींनीही डबा सोडला. मग मावशी मऊ आवाजात म्हणाल्या, "लाडू पोचले का मग?"

"लाडू तुमचे?" खांबेटे ताडकन उठले. "मग बाळकृष्ण कुठाय?"

"माझ्या देव्हाऱ्यात. तुमचा?"

"माझा नाही. माझ्या मुलीचा."

"मग तुमच्याकडे कसा?"

"मी दिला नाही."

"मग डब्यात कसा?"

"मी दिला."

मावशी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, सकाळी काही खाल्लंय का? एकदा म्हणता दिला नाही, एकदा म्हणता दिला."

आणि मग त्या कातळावर बसून, ओळख ना पाळख अशा बाईला, खांबेट्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते. लग्न, किल्ली, पूल, बेडूक, सगळं. बेडकाशी आल्यावर मावशींनी पदर तोंडाला लावला, पण ऐकून घेतलं.

खांबेटे शेवटी म्हणाले, "तर तेवढा बाळकृष्ण द्या. मी परत डब्यात ठेवतो. रविवारी येईल तेव्हा तिला सापडेल."

"देणार नाही," मावशी म्हणाल्या.

"म्हणजे?"

"देव काय टपालात टाकायची वस्तू आहे? तुम्ही फटीत ठेवणार, मुंगूस उचलणार. ज्याचा आहे त्याच्या हातात देईन. बोलवा तिला."

"मी नाही बोलवणार."

"बरं. मग माझ्या देव्हाऱ्यात राहील. मला काही जड नाही. गोड आहे. दूध पितो छान."

खांबेटे लाल झाले, पिवळे झाले. जन्मभर लोकांना हे तुझं, हे त्याचं म्हणून सांगणारा माणूस, आणि आज एका बाईनं त्यालाच हद्द दाखवली! मोबाइल काढला, आत ठेवला. पुन्हा काढला. मावशी उंबराकडं बघत बसल्या, जशा काही त्या झाडच मोजायला आल्यात.

लावला शेवटी फोन.

पलीकडून, "हॅलो?"

मंडळी, दोन वर्षांनी लेकीचा आवाज. किती वेळा मनात घोकलं होतं काय बोलायचं ते! चुकलो म्हणायचं की तू चुकलीस म्हणायचं. आणि तोंडातून काय निघालं?

"लाडू आवडले का?"

पलीकडून अगदी बारीक आवाज, "बाबा, लाडू तुम्ही ठेवले?"

"नाही ग. मी बाळकृष्ण ठेवला होता."

झालं! तिकडं पोरगी रडायला लागली, इकडं हे, आणि काही संबंध नसताना मध्ये तारामावशी. एका वाक्यात दोन वर्षं वाहून गेली. आणि ते वाक्य किती लांबीचं हो? एवढंसं! त्यासाठी केवढा खटाटोप, रांगणं काय, चष्मा काय, बेडूक काय!

पोरगी पूल ओलांडून धावत आली. खडकाची वाट तिला अंगणासारखी, धापसुद्धा लागली नाही. तोवर मावशींनी घरी जाऊन तांबड्या कापडातून बाळकृष्ण आणला. शर्वरीनं हात पुढं केले. पण मावशींनी देव तिला दिला नाही, खांबेट्यांकडं दिला. "मी कोण देणारी? तुम्ही द्या."

आणि बापानं दिला. लेकीच्या हातात, आपल्या हातानं. तिनं तो चेपलेला लोण्याचा गोळा अंगठ्यानं चाचपला. म्हणाली, "आई रागावली होती मला तेव्हा." हे म्हणाले, "मीही रागावलो होतो. चूक माझी होती, शर्वरी."

संपलं असतं इथं आख्यान. पण पोरगी डोळे पुसत हसली. म्हणाली, "बाबा, नियम आहे. डब्यातलं घेतलं की बरोबरीचं ठेवायचं."

खांबेट्यांनी खिशातून बेडूक काढून डब्यात ठेवला. मावशी म्हणाल्या, "देवाच्या बरोबरीचा बेडूक?" तेही खरं. आता तुम्हाला वाटेल, बुवा सांगणार की त्यांनी डब्यात अहंकार ठेवला. चांगलं वाक्य आहे, पण तसं झालं नाही. आणि पाव किलोच्या डब्यात तो मावणार होता थोडाच! त्यांनी दुसऱ्या खिशातून घराची किल्ली काढली. तीच, टेबलावर ठेवलेली. दोन वर्षं खिशात घेऊन हिंडत होते. किल्ली डब्यात ठेवली, झाकण लावलं, डबा मुळामागं सरकवला आणि मान दुसरीकडे करून म्हणाले, "तुला सापडली तर घे."

अहो, इतकं होऊनसुद्धा! ताठ्याचं शेपूट उरलंच.

मावशींनी असा काही हात कमरेवर ठेवला! "कुणीही चोर नेईल ना ती! हातात द्या की हो!"

खांबेट्यांनी मुकाट्यानं डबा काढला, झाकण उघडलं, किल्ली घेतली आणि लेकीच्या हातात दिली. बेडूक अजून तिथं आहे. आणि डब्यातला कागद आता मराठीत आहे, मोठ्या अक्षरात.

तर मंडळी, आता तुमच्याकडं वळतो. हसलात खूप. घरी जा आणि फडताळाच्या वरच्या फळीवर बघा. तुमचं नाव नसलेला डबा नक्की निघेल. कोणाच्या बारशाला आला, कोणाच्या मंगळागौरीला आला, आणि राहिला. आणि डबा तरी दिसतो. न दिसणारं काय काय ठेवून घेतलंय आपण! 'चुकलो' हा शब्द ज्याचा त्याला द्यायचा राहिलाय. 'ये घरी' एवढं म्हणायचं राहिलंय. सणाला फोनवर फुलांची चित्रं पाठवता, तेवढ्यानं दिलं म्हणता? ती फटच की! लपवून ठेवलं, त्याला सापडलं तर सापडलं. देव म्हणतो, मी मिळेन रे, पण तुमच्या हातातून त्याच्या हातात जाताना मिळेन.

आणि दत्तूअण्णा, पेटीवरचे हात काढा जरा. हे माझ्या उपरण्याखाली काय आहे बघा. डबा! सकाळी वहिनींनी तुमच्याच फडताळातून काढून दिला. वाचा नाव — 'रंगनाथ'. वाटणी झाल्यापासून तुमच्याकडं आहे म्हणे. रिकामा नाही, वहिनींनी लाडू भरलेत. 'लगेच' म्हणाला होतात ना?

तबलाही थांबला, छान. धरा डबा, अण्णा. रंगनाथ, हात पुढं करा. काय, अडचण काय आहे? मी मध्ये उभा आहे म्हणून?

हा बघा, सरकलो.